लिस्बनमध्ये चार दिवस : 1755 च्या आधीचे काय, नंतरचे काय

प्रश्न थोडक्यात असा : एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लिस्बनला चार पूर्ण दिवस आहेत, सोबत सत्तरी गाठलेले शाकाहारी आईवडील, घर मूळचे वसईचे. पोर्तुगिजांचा इतिहास वाचलेला आहे, पिवळ्या ट्रामचे फोटो काढून परतायचे नाही. काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने?

लिस्बन कालक्रमाने पाहता येत नाही, कारण शहराचा मधला तुकडाच एका दिवसात नाहीसा झाला. 1 नोव्हेंबर 1755 ला सकाळी साडेनऊच्या सुमारास भूकंप झाला. सर्व संतांच्या सणाचा दिवस, चर्च माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. पडझडीतून वाचलेले लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले, तिथे तेजो नदीच्या मुखातून त्सुनामीचे पाणी आत शिरले. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. राजवाडा, त्यातले ग्रंथालय, पूर्वेकडच्या सगळ्या व्यापाराचा हिशेब ठेवणारी ‘काझा दा इंडिया’ हे सारे यात गेले. म्हणून प्रत्येक इमारतीसमोर एकच प्रश्न विचारायचा : ही 1755 मधून वाचलेली, त्यानंतर बांधलेली, की विसाव्या शतकात जुनी दिसावी म्हणून घडवलेली? तिसरा प्रकार लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आहे आणि सर्वांत लांब रांगा बहुतेक त्याच्यासमोरच लागतात.

पहिला दिवस सपाटीवर, बायशा भागात घालवा. प्रवासाचा शीण असतो आणि या भागात चढ नाही. सुरुवात नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सियो चौकातून करा. जुने लोक याला अजून तेरेइरो दु पासो, म्हणजे राजवाड्याचे पटांगण म्हणतात. नदीकडे पाठ केलीत की डाव्या हाताला, पश्चिमेच्या अंगाला, मानुएल राजाचा वाडा होता. वास्को द गामा कालिकतहून आल्यानंतरच्या दशकात राजा टेकडीवरचा किल्ला सोडून इथे, थेट गोदामांच्या शेजारी, राहायला आला. राज्य कशावर चालले होते ते यावरून कळावे. मधला घोडेस्वार म्हणजे भूकंपाच्या वेळचा राजा जुझे पहिला. पुतळा माशादु द कास्त्रो या शिल्पकाराचा, 1775 चा. याच चौकात 1 फेब्रुवारी 1908 ला राजा कार्लुश आणि युवराज यांना गोळ्या घालून मारले. अडीच वर्षांनी, 5 ऑक्टोबर 1910 ला, जवळच्याच नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताक जाहीर झाले.

कमानीतून आत गेलात की काटकोनात आखलेले रस्ते लागतात. हे काम राजा जुझेचा मंत्री मार्किस द पोंबाल याच्या काळातले. आराखडा मानुएल दा माया, एउजेनियो दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल या अभियंत्यांचा. इथे दुकानांच्या काचेत न पाहता भिंतींकडे पाहा. प्रत्येक इमारतीच्या आत लाकडी सांगाडा आहे. चौकटीत तिरक्या फुल्या मारलेला, वरून दगड-चुना भरून लिंपलेला. याला ‘गायोला’ म्हणजे पिंजरा म्हणतात. दगडी भिंत हादऱ्याने फुटते, लाकूड वाकते आणि परत जागेवर येते, एवढे साधे तत्त्व. दोन घरांमधली भिंत छपराच्या वर काढलेली दिसेल. ती आग एका छपरावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून. जमीन नदीच्या गाळाची, म्हणून पाया पाइनच्या खुंटांवर उभा आहे. खुंट पाण्यात बुडालेले असतील तोवर टिकतात. भूजल खाली गेले की हवा लागून कुजतात, त्यामुळे या भागात तळघर खणायचे म्हटले की अभियंत्यांच्या कपाळावर आठ्या येतात. गल्ल्यांची नावे पुण्याच्या तांबट आळी, बुरूड आळीसारखी धंद्यांवरून आहेत : सोनार, चांदीकाम करणारे, चांभार, खोगीर शिवणारे, कापडवाले.

हे खुंट प्रत्यक्ष पाहायचे असतील तर रुआ दुश कोर्रेइरुश रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खननाची जागा आहे. तिथे रोमन काळातले मासे खारवण्याचे हौदही दिसतात. फेरी फक्त मार्गदर्शकासोबत होते, गट लहान असतो, रविवारी बंद. आधी नोंदणी केली नाही तर दारातून परत यावे लागते.

पुढे रोस्सियो चौक. उत्तरेला खांबांचे जे राष्ट्रीय नाट्यगृह आहे त्या जागी एस्ताउश वाडा होता, इन्क्विझिशनचे लिस्बनमधले ठाणे. पोर्तुगालमध्ये ही धर्मन्यायसभा 1536 ला स्थापन झाली, गोव्यात 1560 ला, आणि गोव्याची सभा लिस्बनच्या सर्वोच्च मंडळाला जबाबदार होती. गोव्यातल्या त्या अडीचशे वर्षांची सूत्रे या चौकातून हलत होती. शेजारच्या साओ दोमिंगुश चर्चमध्ये अवश्य जा, प्रवेशाला पैसे नाहीत. 1506 च्या ईस्टरला सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल इथूनच सुरू झाली. बाहेर तिचे स्मारक आहे. 1959 ला चर्चला आग लागली. दुरुस्ती करताना भाजून तडकलेले खांब मुद्दाम तसेच ठेवले. लिस्बनमधली सर्वांत प्रामाणिक वास्तू निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन.

बायशातून वर शियादोत जायला सांता जुस्ता या लोखंडी लिफ्टची रांग लावू नका. 1902 ची, दिसायला सुरेख, पण 45 मीटर चढण्यासाठी तासभर उभे राहणे आईवडिलांसाठी मूर्खपणाचे. बायशा-शियादो मेट्रो स्थानकात रुआ दु क्रुसिफिशु बाजूने शिरा आणि सरकत्या जिन्यांनी शियादोच्या दाराने बाहेर पडा. तिकिटाच्या फाटकातून जावेच लागत नाही, त्यामुळे फुकट. उतारावरच्या फ्युनिक्युलर गाड्यांवरही बेत आखू नका. 3 सप्टेंबर 2025 ला ग्लोरिया मार्गावर केबल निसटून 16 माणसे गेली, त्यानंतर बाकीच्या गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या. पुन्हा चालू झाल्या असतील तर तो वरकड फायदा समजा.

वर कार्मो मठ आहे. 1389 ला सेनापती नुनु आल्वारिश परेरा याने सुरू केलेला हा गॉथिक मठ. 1755 ला छप्पर कोसळले आणि पुढे ते घातलेच नाही. उघड्या कमानी आणि वर आकाश, आत पुरातत्त्व संग्रहालय. रविवारी बंद. समोरच्या छोट्या चौकात 25 एप्रिल 1974 ला कॅप्टन साल्गेइरो मायाने सशस्त्र पोलिसांच्या मुख्यालयाला वेढा घातला आणि आत लपलेल्या पंतप्रधान मार्सेलो काएतानोने सत्ता सोडली. हुकूमशहा सालाझारने उभ्या केलेल्या राजवटीचा शेवट इथे झाला. 1961 ला गोवा मुक्त झाला तरी लिस्बन ते मान्य करत नव्हते. 31 डिसेंबर 1974 च्या करारात पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, आणि ते या चौकातल्या दिवसामुळेच शक्य झाले. तुम्ही एप्रिलअखेर जाताय म्हणून सांगतो : 25 तारखेला सुट्टी असते आणि दुपारी आव्हेनिदा दा लिबेर्दादवर मोठी मिरवणूक निघते. रस्ते बंद, बस वळवलेल्या; पण मिरवणूक पाहण्यासारखी. 1 मेला मात्र बहुतेक सरकारी स्मारके बंद असतात.

तिथून पाच-सात मिनिटांवर साओ रोक, जेझुइटांचे चर्च. बाहेरून गोदामासारखे, आत डोळे दिपतील असे. सगळे पर्यटक रोममध्ये बनवून जहाजाने आणलेल्या चॅपेलपाशी गर्दी करतात. तुम्ही पवित्र वस्त्रांच्या खोलीत जा. भिंतीवर फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्याची 20 चित्रे आहेत, आंद्रे रेइनोझूची, 1619 च्या सुमाराची. चित्रकाराने भारत पाहिलेला नव्हता, हे त्यातल्या पगड्यांवरून लगेच ध्यानात येते. जुन्या गोव्यात बोम जेझुस पाहिलेल्यांना ही खोली नीट कळेल.

दुसरा दिवस आल्फामा आणि भोवतालच्या टेकड्यांचा, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यावा. भूकंपात हा भाग त्या मानाने वाचला, म्हणून मूरांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम राज्यकर्त्यांच्या, काळची गल्ल्यांची गुंतवळ शाबूत आहे. क्रम वरून खाली ठेवा. साओ व्हिसेंत द फोरा मठापर्यंत सरळ टॅक्सी करा; सगळ्यांत भाडे विभागले की ट्रामच्या तिकिटांपेक्षा फार महाग पडत नाही.

याच मठात ब्रागांझा राजघराण्याच्या समाध्या आहेत आणि त्यांत कॅथरीनही आहे, जिच्या लग्नात मुंबई आंदण गेली ती. 23 जून 1661 चा करार, नवरा इंग्लंडचा दुसरा चार्ल्स. बेट प्रत्यक्ष ताब्यात द्यायला 1665 उजाडले, कारण तिथले पोर्तुगीज अधिकारी सोडायला तयार नव्हते. 1668 ला चार्ल्सने ते वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. विधवा झाल्यावर कॅथरीन लिस्बनला परतली आणि 1705 ला वारली. मुंबईकर लिस्बनला जातात आणि ही समाधी न पाहता येतात, याचे नवल वाटते. मठात निळ्या टाइल्सच्या चित्रांची मालिका आहे आणि गच्चीवरून नदीचा देखावा दिसतो, पण गच्चीला पायऱ्या बऱ्याच आहेत.

खाली घुमटाची पांढरी इमारत म्हणजे सांता एंग्रासिया, आजचे राष्ट्रीय समाधिमंदिर. काम 1682 ला सुरू झाले, घुमट 1966 ला पूर्ण झाला. रखडलेल्या कामाला पोर्तुगीज माणूस आजही हिचेच नाव देतो. इथे गामा आणि आल्बुकर्क यांच्या नावाची दगडी स्मारके दिसतील, पण ती रिकामी आहेत. गायिका आमालिया रोद्रिगिश मात्र खरोखर इथे आहे. मंगळवारी आणि शनिवारी शेजारच्या पटांगणात जुना बाजार भरतो, तेव्हा पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

पुढे सांता लुझिया सज्जा. लोक नदीचा फोटो काढून निघून जातात. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर टाइल्सची दोन मोठी चित्रे आहेत : एकात 1755 पूर्वीचा राजवाड्याचा चौक, दुसऱ्यात 1147 चा किल्ल्याचा वेढा. आदल्या दिवशी उभे राहिलेला चौक पूर्वी कसा होता ते इथे दिसते. किल्ल्यावर वेळ असेल तरच जा. तटावरचे ते देखणे चर्ये-बुरूज बरेचसे 1938 ते 1940 च्या दुरुस्तीतले आहेत. सालाझारला 1940 च्या राष्ट्रीय सोहळ्यासाठी मध्ययुगीन दिसणारा किल्ला हवा होता. देखावा उत्तम, इतिहास पातळ. जायचेच तर प्रासा दा फिगेराहून 737 क्रमांकाची बस दारापाशी सोडते. पायी जाणाऱ्यांसाठी रुआ दुश फांकेइरुशवर एक फुकट लिफ्ट आहे. ती वर सोडते तिथून चौक ओलांडला की शाँव दु लोरेइरुच्या वाहनतळाची दुसरी लिफ्ट मिळते.

से कॅथेड्रल वाटेतच आहे. 1147 ला ख्रिस्ती सैन्याने मूरांकडून शहर जिंकल्यावर मशिदीच्या जागी बांधायला घेतलेले, आणि अंगणातल्या उत्खननात मूर व रोमन थर एकाखाली एक दिसतात. अगदी खाली नदीकडे काझा दुश बिकुश आहे, हिऱ्याच्या पैलूंसारख्या दगडांनी मढवलेले घर. 1523 चे, गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकर्कचा मुलगा ब्राश याने बांधलेले. वरचे दोन मजले 1755 ला गेले आणि 1980 च्या दशकात पुन्हा चढवले. आता तिथे कादंबरीकार जुझे सारामागु याच्या नावाचे प्रतिष्ठान आहे.

ट्राम 28 बद्दल एकदाच बोलतो. सकाळी नऊच्या आत, कांपु द ओरिकच्या टोकाला चढलात तर बसायला मिळते. मार्तीं मोनीशला दुपारी रांगेत उभे राहिलात तर तासभर उभे, मग आत चेंगराचेंगरी आणि खिसेकापू. मार्ग 12 त्याच चढांवरून फिरतो, गर्दी कमी.

तिसऱ्या दिवशी बेलेम. हा दिवस सोमवार नसेल याची खात्री करा, त्या दिवशी मठ बंद असतो. काईश दु सोद्रे स्थानकातून लोकल घ्या, सातएक मिनिटांत पोचते, पण सगळ्या स्थानकांवर थांबणारीच गाडी पकडा. जलद गाडी बेलेमला थांबत नाही. ट्राम 15 हा दुसरा मार्ग, वेळ कितीतरी जास्त.

जेरोनिमोस मठाचे वेळ ठरवलेले तिकीट आधी काढा आणि पहिली वेळ घ्या. मठाची आणि चर्चची रांग वेगळी असते, भलत्याच रांगेत अर्धा तास घालवणारे रोज दिसतात. काम 1501 च्या सुमारास सुरू झाले आणि पैसा पूर्वेकडच्या व्यापारावरच्या सुमारे 5 टक्के करातून आला. मिऱ्याने बांधलेला मठ म्हटले तरी चालेल. दगडात पिळलेले दोर, क्रूस, आणि मानुएल राजाचे चिन्ह असलेला कड्यांचा गोल दिसेल. तो गोल वसईच्या किल्ल्यातल्या कोरीवकामातही भेटतो, त्यामुळे तुम्हाला तो ओळखायला वेळ लागू नये. चर्चमध्ये शिरताच डावीकडे वास्को द गामा, उजवीकडे कवी कामोंइश. दोन्ही समाध्या एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. गामा 1524 च्या डिसेंबरात कोचीनला वारला, तिथेच पुरला, मग पोर्तुगालला नेला आणि 1880 ला इथे आणला. मुख्य वेदीकडे जा : राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर आहेत.

बेलेमचा मनोरा 2025 मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता, उघडला का ते पाहून जा. आत न गेल्याने फारसे बिघडत नाही. खोल्या रिकाम्या, जिना अरुंद, आणि आईवडिलांना तो नकोच. मजा बाहेर आहे. वायव्य कोपऱ्यातल्या छोट्या बुरुजाच्या बुडाशी झिजलेले गेंड्याचे डोके कोरलेले आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरने आल्बुकर्कला भेट दिलेला गेंडा गोव्याहून निघून 20 मे 1515 ला इथे उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. वर्णनावरून जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचे प्रसिद्ध लाकूडछापचित्र केले, आणि राजाने तो पोपला पाठवला तेव्हा इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. दुर्बीण किंवा फोनचा झूम जवळ ठेवा.

जहाजाच्या आकाराचे शोधस्मारक 1960 चे आहे. 1940 च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभे केले होते, ते पुन्हा काँक्रीट आणि दगडात बांधले. जे घडले ते आपल्याला कसे आठवावे असे सालाझारला वाटत होते, त्याचा तो नमुना समजून पाहा. ओळीत गामा, आल्बुकर्क, झेवियर सगळे आहेत. पायाशी फरशीत 50 मीटर व्यासाचे दिशाचक्र आणि मधोमध जगाचा नकाशा आहे. भारताच्या किनाऱ्यापाशी थांबून सन वाचा. परतताना राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर उंच खांबावर आल्बुकर्क उभा आहे. पणजीतला त्याचा पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात हलवला गेला, इथला जागेवर आहे.

चौथा दिवस संग्रहालयांना ठेवा. राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात बेलेमचे सोन्याचे प्रभापात्र, म्हणजे चर्चमध्ये पवित्र प्रसाद दर्शनाला ठेवण्याचे पात्र, आहे : 1506 चे, गामाने दुसऱ्या सफरीत पूर्व आफ्रिकेतल्या किल्व्याहून वसूल करून आणलेल्या सोन्याचे. हस्तिदंती ‘मेंढपाळ येशू’ गोव्याच्या कारागिरांच्या हातचे, शिसवी कपाटे त्याच पठडीतली. 714 ची बस जाते. पुढे आल्कांतारा धक्क्यावर, खारवलेल्या माशांच्या जुन्या गोदामात, 2008 पासून म्युझेउ दु ओरियेंत, म्हणजे पूर्वेचे संग्रहालय, आहे. दोन्ही एका दिवसात होतात. टाइल्सच्या संग्रहालयात भूकंपापूर्वीच्या लिस्बनचे सुमारे 23 मीटर लांब टाइलचित्र आहे. ते उघडे असेल तर दुपार तिकडे द्या.

वसईबद्दल कागदपत्रांची ओढ असेल तर तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात गोव्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचे ‘मान्सून ग्रंथ’ आहेत. जहाजे मोसमी वाऱ्यावर जात म्हणून हे नाव. त्याच मालिकेचा उरलेला भाग पणजीत आहे. पासपोर्ट दाखवून वाचक म्हणून नोंद होते, पण आधी घरी बसून संकेतस्थळावर क्रमांक शोधून ठेवा, नाहीतर दिवस सूची चाळण्यातच जातो. बरीच पाने त्या संकेतस्थळावरच पाहायला मिळतात.

तिकिटांचे : ‘नावेगांत’ कार्ड अर्ध्या युरोला, माणशी एक. 24 तासांचे तिकीट 7 युरोंच्या आसपास, मेट्रो, बस आणि ट्रामवर चालते, पण लोकलवर चालत नाही, तिथे दंड होतो. बेलेमच्या दिवशी ‘झॅपिंग’ म्हणजे कार्डात पैसे भरून वापरा. एकाच कार्डावर दोन्ही एकदम राहत नाहीत. रविवारी संग्रहालये फुकट, असे जुन्या लेखांत वाचाल. ती सवलत आता पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांपुरती आहे.

पदपथ घासून गुळगुळीत झालेल्या चुनखडीच्या चौकोनांचे आहेत आणि एप्रिलमध्ये सरी येतात. चामडी तळाचे बूट घरीच ठेवा. रबरी, खाचांचा तळ हवा, आणि वडिलांना काठीची सवय असेल तर तिला नवे रबर बसवून न्या.

खाण्यात दोन सापळे. टेबलावर न मागता आलेले पाव, ऑलिव्ह, चीज यांचे पैसे लागतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. आणि काल्दु वेर्द हे हिरवे सूप शाकाहारी दिसते, पण त्यात सॉसेजची चकती घालतात, ‘सें शोरिसु’ म्हणून सांगा. कॅफेतली ‘शामुसा’ म्हणजे आपला समोसाच, गोव्यामार्गे गेलेला, पण आत बहुतेक वेळा मांस असते. लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे. मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांचा तिथे मोठा वावर, आणि आवारात शाकाहारी उपाहारगृहही आहे. वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करा आणि त्याच दिवशी अभिलेखागाराचे काम ठेवा, दोन्ही शहराच्या उत्तरेलाच आहेत.